अतिदक्षता फेलोशिपचं पहिलं वर्ष: लॉगबुक भरतंय, पण हात आणि डोकं कधी तयार होणार?

नवा_फेलो:

भूलशास्त्रातली पदव्युत्तर पदवी झाल्यावर अतिदक्षता वैद्यकशास्त्राचं दोन वर्षांचं पुढचं प्रशिक्षण सुरू आहे, चौथा महिना. लॉगबुकमध्ये आकडे भराभर वाढताहेत: सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली), आर्टेरियल लाइन (धमनीतली), श्वासनलिकेतल्या नळ्या, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका बघणं). तरी चार ठिकाणी गाडी अडते.

१. व्हेंटिलेटरची सेटिंग लावता येतात. पण पेशंट मशीनशी झगडायला लागला की झोपेचं औषध वाढवणं सोडून दुसरं काही सुचत नाही.
२. सीआरआरटीचा (चोवीस तास सावकाश चालणाऱ्या डायलिसिसचा) फिल्टर दहा-बारा तासांत गोठतो. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) वाढवायचं, की आणखी काही बघायचं?
३. इको (हृदयाची सोनोग्राफी) करताना चित्र दिसतं, निर्णय दिसत नाही.
४. परीक्षेसाठी ट्रायल (उपचार तपासणारे मोठे अभ्यास) पाठ करायच्या तरी किती?

'अनुभवाने येईल' हे ऐकून झालंय. नेमकं काय, कुठल्या क्रमाने पक्कं करायचं ते सांगा.

---

प्लॅटो३०:

पहिला प्रश्न घेतो, बाकीचे इतरांवर सोडतो.

आधी पाया तपासा. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) वजनकाट्यावरच्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतो. बाईसाठी ४५.५ + ०.९१ × (उंची सें.मी. − १५२.४), पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०. १६५ सें.मी. उंचीच्या बाईचं हे वजन ५७ किलो येतं, म्हणजे ६ मि.ली. प्रति किलोने सुमारे ३४० मि.ली. तिचं खरं वजन ९० किलो असलं तरी फुप्फुस तेवढंच. उंची अंदाजाने टाकू नका, टेपने मोजा. २००० सालच्या एआरडीएस (फुप्फुसं एकाएकी सुजून निकामी होणं) नेटवर्कच्या ट्रायलमध्ये प्रति किलो १२ ऐवजी ६ मि.ली. दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. त्या सगळ्या फायद्याचं मूळ या साध्या हिशोबात आहे.

मग होल्ड. इन्स्पिरेटरी होल्ड (हवा आत भरल्यावर श्वास क्षणभर रोखणारं बटण) अर्धा सेकंद दाबायचा आणि पीक (सर्वांत वरचा दाब) व प्लॅटो (हवा थांबल्यावरचा दाब) दोन्ही लिहायचे. पीक ४५, प्लॅटो २२: अडथळा वाटेत आहे. नळी चावली जातेय, मुडपलीय, कफ साचलाय किंवा श्वासनलिका आवळल्यात. पीक ४५, प्लॅटो ४०: फुप्फुस किंवा छातीच ताठ झालीय. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा), नळी उजव्या बाजूला सरकलेली, फुप्फुसात पाणी, फुगलेलं पोट. एकाच अलार्मचे हे दोन वेगळे आजार, आणि ते दहा सेकंदांत वेगळे करता येतात. प्लॅटोतून पीप (उच्छ्वासाच्या शेवटी मशीन राखतं तो दाब) वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर. ते १५ च्या वर गेलं तर प्लॅटो ३० च्या आत असूनही स्वस्थ बसू नका.

आता झगडा. 'पेशंट फाइट करतोय' हे निदान नव्हे. स्क्रीन गोठवा आणि आधी कोणता झगडा आहे ते ओळखा:

डबल ट्रिगर. एका प्रयत्नावर लागोपाठ दोन श्वास, मध्ये उच्छ्वास जवळजवळ नाहीच. ३५० लावलेत आणि फुप्फुसात ७०० जातायत. पेशंटचा श्वास मशीनच्या इन्स्पिरेटरी टाइमपेक्षा (हवा आत देण्याच्या वेळेपेक्षा) लांब आहे, म्हणून हे होतं. पहिला उपाय तो वेळ वाढवणं किंवा मोड बदलणं. झोपेचं औषध नंतर.

रिव्हर्स ट्रिगर. दिसायला अगदी तसंच, पण क्रम उलटा. आधी मशीनचा ठरल्या वेळचा श्वास, त्याच्या पोटात पेशंटचा प्रयत्न. हा बहुतेक वेळा गाढ झोपवलेल्या पेशंटमध्ये होतो. म्हणजे तुम्ही औषध वाढवता आणि ज्या कारणाने हे सुरू झालं तेच घट्ट करता. मशीनचा रेट (मिनिटाला किती श्वास) बदलून बघा, झोप हलकी करून बघा. श्वासावर श्वास चढत असतील आणि फुप्फुस नाजूक असेल तर थोड्या काळापुरतं स्नायू शिथिल करणारं औषध.

वाया गेलेला प्रयत्न. एक्स्पिरेटरी फ्लोच्या (बाहेर पडणाऱ्या हवेच्या) रेषेत मध्येच खळगा दिसतो, पण श्वास मिळत नाही. कारण बहुधा ऑटो-पीप (हवा आत अडकून राहणं): फ्लो शून्यावर यायच्या आत पुढचा श्वास सुरू. इथे सपोर्ट (मशीन देतं तो मदतीचा दाब) वाढवला तर आणखी बिघडतं, कारण जास्त हवा भरली की ती बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. सपोर्ट कमी करा. हा उपाय मनाला उलटा वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

शेवटी, प्रयत्न किती जोरात आहे ते मोजा. एका श्वासापुरता एक्स्पिरेटरी होल्ड (उच्छ्वासानंतर वाट बंद ठेवणं) देऊन दाब किती खाली गेला ते बघा. २० ने खाली गेला तर त्याच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे १५ सें.मी. पाणी इतका जोर पेशंटचे स्नायू लावतायत. वर सपोर्ट ८ असेल तर फुप्फुसावरचा ताण ८ अधिक २० चे दोन-तृतीयांश, म्हणजे २१ च्या आसपास. मशीन मात्र फक्त ८ दाखवतं. १६-१७ च्या वरचा आकडा काळजीचा.

सवय एकच लावून घ्या. बटण फिरवण्याआधी कागदावर लिहा: 'हे केल्यावर अमुक आकडा अमुक इतका, इतक्या मिनिटांत बदलेल.' बदलला नाही तर समजूत चुकली होती, आणि ती कुठे चुकली हे शोधणं हाच त्या दिवसाचा अभ्यास. लॉगबुकात या रकान्याला जागा नसते. वेगळी वही करा.

---

गाळणी:

दुसरा प्रश्न. हेपारिनला हात लावण्याआधी कॅथेटर (रक्त मशीनकडे नेणारी शिरेतली नळी) बघा. फिल्टर गोठण्याची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कॅथेटरचं टोक कुठे आहे? उजव्या गळ्यातून १५ सें.मी. चालतं, डावीकडून २० लागतं, मांडीतून २४-२५. मांडीत २० चं घातलं की टोक खालच्या मोठ्या शिरेत पोहोचत नाही, रक्त नीट ओढलं जात नाही, ॲक्सेस प्रेशर (रक्त ओढतानाचा दाब) उणे २०० कडे जातं, अलार्म होतो, पंप थांबतो. थांबलेलं रक्त गोठतं. गुन्हेगार कॅथेटर, शिक्षा हेपारिनला. अलार्म वाजल्यावर पंप किती वेळ थांबून राहतो हेही बघा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं आणि दिवसात पंधरा वेळा, तर कुठलंही औषध फिल्टर वाचवणार नाही.

मग फिल्ट्रेशन फ्रॅक्शन (रक्तातल्या द्रवाचा किती भाग फिल्टरमध्ये निघून जातो), जे फार कमी लोक मोजतात. ब्लड फ्लो १५० मि.ली. प्रति मिनिट, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ३०, म्हणजे प्लाझ्मा (बाकीचा द्रव) १०५ मि.ली. प्रति मिनिट, तासाला ६,३०० मि.ली. रिप्लेसमेंट (काढलेल्याच्या बदली दिलेला द्रव) फिल्टरनंतर २,००० आणि पाणी काढणं १००, एकूण २,१००. म्हणजे फिल्टरमध्ये प्लाझ्मातला एक-तृतीयांश भाग निघून जातोय, आतलं रक्त काकवीसारखं घट्ट होतंय. ते गोठणारच. ब्लड फ्लो २५० केला की तोच हिशोब २० टक्क्यांवर येतो. २०-२५ च्या आत ठेवा. फ्लो वाढवता येत नसेल तर रिप्लेसमेंटचा काही भाग फिल्टरच्या आधी द्या. सफाई थोडी घटते, फिल्टर टिकतो.

प्रेशरचे आकडे दर तासाला लिहिले तर फिल्टर बंद पडण्याच्या काही तास आधी सांगतो. ट्रान्समेम्ब्रेन प्रेशर (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंतल्या दाबाचा फरक) हळूहळू चढतंय: पडद्याची छिद्रं बुजतायत. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबातला फरक चढतोय: आतल्या नळ्याच गोठतायत. नुसतं रिटर्न प्रेशर (रक्त परत देतानाचा दाब) चढतंय: बबल ट्रॅपमध्ये (बुडबुडे अडवणाऱ्या कप्प्यात) गाठ, किंवा कॅथेटरची परतीची बाजू. तिसऱ्या प्रकारात सर्किट बदलण्याआधी पेशंटची मान सरळ करून बघा. गोठायच्या बेतात असेल तर मशीनमधलं रक्त परत देऊन टाका. पूर्ण गोठल्यावर दीडशे-दोनशे मि.ली. रक्त कचऱ्यात जातं.

सिट्रेट (कॅल्शियम बांधून मशीनमधलं रक्त गोठू न देणारं औषध) वापरत असाल तर दोन आयनाइज्ड (मोकळे) कॅल्शियम: फिल्टरनंतर ०.२५ ते ०.३५, पेशंटमध्ये १.० ते १.२ मिलिमोल प्रति लिटर. खरी परीक्षा तिसऱ्या आकड्याची. एकूण कॅल्शियम भागिले आयनाइज्ड २.५ च्या वर, कॅल्शियमचा पंप रोज वाढवावा लागतोय आणि ॲसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणं) वाढतोय, तर यकृत सिट्रेट पचवत नाहीये. तिथे सिट्रेट कमी करा किंवा थांबवा. उलट अल्कलोसिस (रक्त क्षारधर्मी होणं) होत असेल तर सिट्रेट पचतंय पण जास्त जातंय. नाव एक, बिघाड दोन, उपाय वेगळे.

डोस (फिल्टरमधून बाहेर पडणारा द्रव): मिळायला हवेत २० ते २५ मि.ली. प्रति किलो प्रति तास. ८० किलोला २५ ने २,००० लिहिलंत आणि मशीन दिवसातले सहा तास बंद राहिलं, तर हातात १९ सुद्धा पडत नाहीत. म्हणून लिहिताना २५-३० लिहायचे. त्याच्या पलीकडे चढवण्यात अर्थ नाही: २००९ च्या रीनल ट्रायलमध्ये १,५०८ पेशंटमध्ये ४० विरुद्ध २५ दिलं आणि ९० दिवसांचा मृत्युदर दोन्हीकडे सारखाच, ४४.७ टक्के.

जाता जाता: सोडियम ११० असलेल्या पेशंटला नेहमीच्या १४० च्या पिशव्या लावल्या तर चोवीस तासांत सोडियम ८ पेक्षा जास्त न वाढवण्याची मर्यादा सहज ओलांडली जाते. पिशवीतलं सोडियम पातळ करायचं किंवा शिरेतून वेगळं डेक्स्ट्रोज द्यायचं, ते आधी मोजून ठेवा. आणि किडनी बंद आहे म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस कधीही कापू नका. पहिला डोस शरीरातल्या पाण्याच्या आकारमानावर ठरतो, किडनीवर नाही.

---

नळीवाला:

लॉगबुकची एवढी टिंगल नको. हाताला आकडा लागतोच. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलशास्त्राच्या शिकाऊ डॉक्टरांना ९० टक्के यशापर्यंत पोचायला सरासरी ५७ नळ्या लागल्या, आणि त्या ऑपरेशन थिएटरमधल्या, उपाशी पोटाच्या, स्थिर पेशंटच्या. नवा_फेलो भूलशास्त्रातून आलेत म्हणून त्यांना हे सोपं. मेडिसिनमधून आलेल्याने पहिले तीन महिने थिएटरमध्ये काढावेत, लाज बाळगू नये.

पण थिएटरची सवय आयसीयूत घात करते, हेही खरं. इथे नळी घालता आली नाही म्हणून फार कमी लोक दगावतात, रक्तदाब कोसळून जास्त. २०२१ च्या इंट्यूब अभ्यासात २,९६४ पेशंटपैकी ४५.२ टक्क्यांमध्ये काहीतरी गंभीर घडलं, त्यात ४२.६ टक्के रक्ताभिसरणाचे बिघाड. म्हणून क्रम असा:

ऑक्सिजन साध्या मास्कऐवजी नॉन-इन्व्हेसिव्ह व्हेंटिलेशनने (नळीशिवाय, घट्ट मास्कमधून दाबाने), तीन मिनिटं तरी, डोकं वर. २०२४ च्या प्रीऑक्सी ट्रायलमध्ये यामुळे ऑक्सिजन घसरण्याचं प्रमाण १८.५ वरून ९.१ टक्क्यांवर आलं. नॉरॲड्रेनलीनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा) पंप आधीच जोडलेला, शक्यतो सुरू. केटामाइन (भुलीचं औषध) शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेलं असताना) १ मि.ग्रॅ. प्रति किलो किंवा त्याहून कमी. रोक्युरोनियम (स्नायू शिथिल करणारं औषध) मात्र उलट, पूर्ण १.२ मि.ग्रॅ. प्रति किलो, कारण रक्ताभिसरण मंद असलं की औषध पोचायला उशीर लागतो. घड्याळात साठ सेकंद मोजा, घाई करू नका. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्याला, जुन्या भाजलेल्याला, पोटॅशियम वाढलेल्याला सक्सामेथोनियम (स्नायू शिथिल करणारं दुसरं औषध) नको.

पीएच ७.० (रक्त फार आम्लधर्मी) आणि पेशंट मिनिटाला ३५ श्वास घेतोय: त्याला नळी घालून मशीनवर १४ चा रेट लावणं म्हणजे त्याचा एकमेव बफर काढून घेणं. रेट २८-३०, उच्छ्वास पुरा होतोय ना ते बघून.

नळीनंतर कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लाट. लाट नाही तर नळी श्वासनलिकेत नाही असं धरून चाला. हृदय बंद असलं तरी छाती दाबत असताना बुटकी का होईना, लाट येते.

आणि गळ्यातून वाट काढायचा सराव दर महिन्याला मॉडेलवर करा: १० नंबरचं ब्लेड, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी), ६ नंबरची कफ (भोवतीचा फुगा) असलेली नळी. वर्षभरात एकदाही लागणार नाही, म्हणूनच सराव लागतो.

---

नवा_फेलो:

गाळणी, आत्ताच हिशोब मांडून पाहिला. ब्लड फ्लो १५०, हिमॅटोक्रिट ३४, सगळं रिप्लेसमेंट फिल्टरनंतर. फ्रॅक्शन ३५ येतंय! कॅथेटर मांडीत, लांबी पॅकेटवर बघावी लागेल.

नळीवाला, इंडक्शनआधी (नळीसाठी भूल देण्याआधी) ५०० मि.ली. सलाईन द्यायचं असं सगळीकडे शिकवतात, ते तुमच्या यादीत नाही?

---

नळीवाला:

मुद्दाम गाळलं. प्रिपेअर-२ ट्रायलमध्ये (२०२२) नेमकं तेच तपासलं, सरसकट ५०० मि.ली. दिल्याने रक्तदाब कोसळणं कमी झालं नाही. जो खरोखर कोरडा आहे त्याला द्याच. पण त्याला ते इंडक्शनच्या विधीचा भाग म्हणून नाही, कोरडा आहे म्हणून द्यायचं.

---

ध्वनिलहरी:

तिसरा प्रश्न. चित्र दिसतं पण निर्णय दिसत नाही, कारण प्रोब (छातीवर ठेवायचं सोनोग्राफीचं टोक) ठेवण्याआधी प्रश्न ठरलेला नसतो. शॉकमधल्या पेशंटला पाचच विचारा: डावा कप्पा दाबतोय का? उजवा फुगलाय का? भोवती पाणी आहे का? एखादी झडप ढोबळ बिघडलीय का? आणि द्रव दिला तर पंप जास्त रक्त फेकेल का?

पाचव्यासाठी डाव्या कप्प्याच्या तोंडाशी व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त किती सें.मी. पुढे जातं) मोजा. साधारण १८ ते २२ सें.मी. त्यावरून मिलिलिटर काढायच्या भानगडीत रोज पडू नका. त्या तोंडाच्या व्यासाचा वर्ग होतो, म्हणून २.० सें.मी. च्या जागी १.८ मोजलं की उत्तर १९ टक्क्यांनी चुकतं. व्यास तासातासाला बदलत नाही, व्हीटीआय बदलतो. तोच सलग बघा. लय नियमित असेल तर तीन ते पाच ठोक्यांची सरासरी, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (अनियमित लयीत) जास्त ठोक्यांची.

पाय वर करण्याची चाचणी बहुतेक ठिकाणी चुकीची होते. सुरुवात ४५ अंशात बसलेल्या स्थितीतून, मग पलंगच फिरवून धड आडवं आणि पाय वर. हाताने पाय उचलले की पेशंटला दुखतं, ॲड्रेनलीन वाढतं, आकडा खोटा. परिणाम पहिल्या मिनिटात बघायचा. व्हीटीआय १० टक्के किंवा जास्त वाढला तर द्रवाचा उपयोग होईल. पोटातला दाब वाढलेला असेल तर उत्तर 'नाही' आलं तरी त्यावर विसंबू नका. आणि 'उपयोग होईल' म्हणजे 'द्यायलाच हवा' नव्हे. निरोगी माणसाचा व्हीटीआयसुद्धा वाढतो.

एक सापळा ठळक लक्षात ठेवा. कप्पा छोटा, जोरात आवळतोय, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) वाढवला की रक्तदाब आणखी पडतोय. डॉपलरची (रक्ताचा वेग दाखवणारी) लाट खंजिरासारखी, टोक उशिरा. डाव्या कप्प्याची बाहेरची वाट आतूनच बंद होतेय. इनोट्रोप थांबवा, द्रव द्या, रक्तवाहिन्या आवळणारं शुद्ध अल्फा औषध द्या, हृदयाची गती कमी करा. प्रोब न ठेवता या पेशंटला वाचवणं कठीण, कारण बाकी सगळे आकडे उलट सल्ला देतात.

फुप्फुस: डाव्या बाजूचं स्लायडिंग (श्वासाबरोबर फुप्फुसाच्या आवरणाचं सरकणं) गेलं म्हणून लगेच सुई खुपसू नका. नळी उजवीकडे गेली तरी डावं स्लायडिंग जातं. त्या आवरणाच्या रेषेवर हृदयाच्या ठोक्यागणिक थरथर दिसली, तर तिथे दोन्ही आवरणं चिकटून आहेत, न्यूमोथोरॅक्स नाही. नळी दोन सें.मी. मागे ओढा, पुन्हा बघा.

आकडा हवा असेल तर: आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी प्राथमिक पातळीसाठी देखरेखीखालचे ३० आणि प्रगत पातळीसाठी किमान १०० छातीवरून केलेले इको सुचवलेत. देखरेखीखालचे, हा शब्द महत्त्वाचा. एकट्याने केलेल्या शंभरांत एकच चूक शंभर वेळा पक्की होते.

---

सावकाश:

चौथा. पाठांतर कमी, जोड्या जास्त. २००१ साली एका केंद्रातल्या ट्रायलने सांगितलं, साखर कडक ठेवा, माणसं वाचतात. २००९ मध्ये नाइस-शुगरने ६,१०४ पेशंटमध्ये तेच तपासलं: कडक गटात मृत्यू २७.५ टक्के, सैल गटात २४.९. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडण्याच्या) ठराविक तासांच्या प्रोटोकॉलचंही तेच: २००१ च्या २६३ पेशंटच्या ट्रायलमधला फायदा २०१४-१५ च्या तीन मोठ्या ट्रायलमध्ये दिसला नाही. प्रत्येक जोडीला विचारा: पहिल्या अभ्यासात तुलनेच्या गटाला काय मिळत होतं? तोवर सर्वसाधारण उपचारच सुधारले होते का? परीक्षकाला आकड्यापेक्षा हे उत्तर हवं असतं. एवढ्या वीस जोड्या नीट झाल्या तर तोंडी परीक्षेत अडणार नाही.

लॉगबुकबद्दल: युरोपातल्या कोबॅट्राइस प्रकल्पाने २००६ मध्ये १०२ क्षमतांची यादी १२ विभागांत मांडली, तिच्यात प्रोसीजर हा बारांतला एकच विभाग. बाकीचे बघा आणि प्रत्येकासमोर आपली पायरी लिहा: नुसतं बघतो, सीनियर शेजारी असताना करतो, सीनियर फोनवर असताना करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. दर तीन महिन्यांनी ही पायरी सीनियरकडून लिहून घ्या, स्वतः भरू नका.

तुमच्या यादीत नातेवाइकांशी बोलणं नाही. बहुतेकांच्या यादीत नसतं. तीही प्रोसीजर आहे आणि तिलाही तंत्र आहे. २००७ च्या एका फ्रेंच ट्रायलमध्ये ठरवून केलेल्या बैठका आणि छापील माहितीपत्रक दिलं, तेव्हा बैठक २० ऐवजी ३० मिनिटं चालली. पण नातेवाईक ५ ऐवजी १४ मिनिटं बोलले. म्हणजे डॉक्टरचं बोलणं जवळपास तेवढंच राहिलं. नव्वद दिवसांनी मानसिक आघाताची लक्षणं ६९ ऐवजी ४५ टक्के नातेवाइकांत होती.

करायचं ते असं. आत जाण्याआधी सिस्टर आणि बाकीच्या विभागांशी एक निरोप ठरवा, नाहीतर नेफ्रॉलॉजीवाले 'किडनी सुधारतेय' सांगून जातात आणि तुम्ही 'पेशंट जगणार नाही' म्हणता. बसा, फोन दुसऱ्याकडे द्या. पहिलं वाक्य प्रश्नाचं: 'आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय?' वाईट बातमी एका वाक्यात, त्यात 'मृत्यू' हा शब्द स्पष्ट. मग गप्प. ही शांतता दहा सेकंदसुद्धा सहन होत नाही आणि माणूस क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) सांगायला लागतो. तिथेच बैठक फसते. 'तुम्ही सांगाल तसं करू' असं म्हणून निर्णय त्यांच्या डोक्यावर टाकू नका. 'ते स्वतः बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?' असं विचारा, आणि मग वैद्यकीय सल्ला तुमचा तुम्ही द्या.

सीनियरला अशा पाच बैठकांना मागे बसवा आणि कोण किती मिनिटं बोललं ते लिहायला सांगा.

---

प्लॅटो३०:

माझ्या उत्तराला एक पुरवणी. एक्स्पिरेटरी होल्डचा तो पाऊणपटीचा हिशोब एका श्वासावर करू नका. दोन-तीन वेगवेगळे होल्ड, मध्ये काही श्वास सोडून, कारण पेशंट सावध झाला की पुढचा प्रयत्न बदलतो. नळीच्या कफमधून हवा गळत असेल तर आकडा कमी येईल. आणि सपोर्ट मोडमध्ये इन्स्पिरेटरी होल्डही देऊन बघा. प्लॅटो पीकपेक्षा वर चढला तर घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. पेशंटचे स्नायू सैल झाले आणि तोवर ते किती ओढत होते ते दिसलं.

---

नवा_फेलो:

कॅथेटर २० सें.मी. निघालं. बदलायला सांगितलंय. ब्लड फ्लो २०० वर, रिप्लेसमेंटचा निम्मा भाग फिल्टरच्या आधी. वहीत लिहिलंय: ॲक्सेस प्रेशर उणे १०० च्या आसपास यायला हवं, फिल्टर चोवीस तास ओलांडायला हवा. उद्या याच धाग्यावर आकडे टाकतो.